मालकांची पोटनिवडणूक

भुकूमला राहायला आल्यावर पहिले सात-आठ महिने मी मटण पिरंगुटहून आणत होतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशीच मटणाचं चांगलं दुकान होतं. पण आमचे घरमालक पहिल्याच आठवड्यात मला बाजूला घेऊन म्हणाले होते, "आपल्या खाटकाचं काय सांगू तुमाला! दोन्हीकडनं पाहुणचार घेतला आन् ऐन टायमाला घरात दडून बसला." मी गावात नवा. म्हटलं, असेल काही जुनं भांडण, मालकांच्या विरुद्ध कशाला जा. त्या दुकानावरून जाताना मी मान वळवून जायचो आणि तो बिचारा मटणवाला मला रोज नमस्कार करायचा.

एका रविवारी मालकांनी माझ्या हातातली पिशवी पाहिली. विचारलं, इतक्या लांब कशाला जाता? मी कारण सांगितलं. ते माझ्याकडे बघतच राहिले.

"अवो, त्यो खाटीक त्या गावचा!"

"कुठल्या?"

"इंग्लंडातल्या. त्याला मरून दीडशे वर्सं व्हायला आली आसतील."

माझा गोंधळ तिथून सुरू झाला आणि तो अजून संपलेला नाही. माणूस भोळा होता, चक्रम होता की आम्हा सगळ्यांपेक्षा शहाणा होता, हे मला त्यांच्या घरात चार वर्षं राहूनही ठरवता आलं नाही. चक्रम म्हणावं, तर त्यांनी बांधलेल्या सहा खोल्यांत एक भिंत वाकडी नव्हती. शहाणा म्हणावं, तर पुढे जे झालं ते कुठल्या शहाण्या माणसाच्या हातून झालं नसतं.

पुण्यातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात ते बाइंडर होते. फाटक्या पुस्तकांना खळ लावायची, दोरा ओवायचा, पुठ्ठा चढवायचा, यात त्यांची उभी नोकरी गेली. रद्दीत काढलेल्या ढिगात त्यांना एक पातळसं इंग्रजी पुस्तक सापडलं, ते साहेबांना विचारून त्यांनी घरी आणलं. व्हिक्टोरिया राणीच्या काळात तिकडच्या एका लहानशा गावात पार्लमेंटची पोटनिवडणूक झाली होती, तिचं ते पुस्तक. गावाचं नाव मला कधी नीट उच्चारता आलं नाही, आणि मालकांना येत होतं असंही वाटत नाही. तिथला खासदार मध्येच वारला म्हणून निवडणूक लागली. उभे होते दोघे, एक बिअरचा कारखानदार आणि एक कुणा सरदाराचा धाकटा भाऊ. तेव्हा तिकडे गुप्त मतदान नव्हतं. मतदारानं चौकातल्या लाकडी मांडवावर चढायचं, आपलं नाव सांगायचं, आपलं मत कुणाला ते सगळ्या गावासमोर मोठ्यानं बोलायचं आणि कारकुनानं ते लिहून घ्यायचं. खालची गर्दी आवडलं तर टोप्या उडवायची, नाही आवडलं तर कुजकी अंडी मारायची. नंतर ते सगळं छापून काढत. माणसाचं नाव, त्याचा धंदा, त्याचं मत. शेवटच्या पानावर, जे आलेच नाहीत त्यांची वेगळी यादी. आमचा खाटीक त्या यादीत होता.

मालक इंग्रजी शिकले ते डिक्शनरी शेजारी ठेवून, त्या एका पुस्तकावर. त्यामुळे त्यांचं इंग्रजी निवडणुकीपुरतंच होतं. पाच नंबरच्या खोलीत ओडिशाचा एक इंजिनिअर राहायला आला, तेव्हा मालकांनी चावी देताना त्याला गंभीरपणे विचारलं, "सर, आर यू अ‍ॅन इलेक्टर?" तो घाबरून मला म्हणाला, "अंकल पुलिस में थे क्या?" त्याला समजावण्यात माझा पाऊण तास गेला आणि त्याला काही समजलं असं दिसलं नाही.

त्या गावातल्या माणसांबद्दल मालक आपल्या आळीतल्या माणसांसारखं बोलत. पाववाल्याच्या दोन पोरांनी दोन बाजूंना मत दिलं, आता त्या घरात दिवाळी कशी व्हायची, असं ते एकदा हळहळून म्हणाले. तिकडे दिवाळी नसते, हे मी म्हणालो नाही. त्यांचा सगळ्यात लाडका होता एक बूट शिवणारा. मोची, असं ते म्हणत. तो ज्याच्या घरात भाड्यानं राहायचा, त्या मालकाच्या माणसाविरुद्ध तो मोठ्यानं बोलला. त्याच्या नावापुढे कुणीतरी पेन्सिलनं दोन शब्द लिहून ठेवले होते, त्यांचा अर्थ घर सोडून गेला, असा होत होता. मालक त्या ओळीवर बोट ठेवत आणि बराच वेळ उचलत नसत. "हितं मालकाची चूक हाय," ते म्हणत. "मोच्याची न्हाई."

"बोलायचं तर मोठ्यानं बोला, न्हाईतर चहा प्या," हे त्यांचं नेहमीचं वाक्य होतं. एकदा उन्हाळ्यात टँकर दोन दिवसांआड यायला लागला, तेव्हा कुठल्या खोलीनं आधी भरायचं यावर आमची वादावादी झाली. मालकांनी सगळ्यांना अंगणात उभं केलं, एक रजिस्टर काढलं आणि नाव पुकारून एकेकाला विचारलं, सगळ्यात शेवटी कुणी भरावं? सगळ्यांसमोर सांगायचं. तीन नंबरवाल्यानं चार नंबरवाल्याचं नाव घेतलं. त्या दोन घरांतली येजा पुढे वर्षभर बंद होती. मालकांच्या बायकोनं, आम्ही त्यांना काकू म्हणायचो, ओट्यावरून सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "त्ये पुस्तक बंबात घाला आदी. पानी तरी तापंल."

काकूंचा विषय पाणी हाच होता. खालच्या आळीला नळाचं पाणी होतं आणि आमच्या वरच्या आळीला टँकर. पाइपलाइन मंजूर व्हायची आणि कुठंतरी अडायची. टँकर ज्यांचे, त्यांचंच पंचायतीत चालतं, असं गावात उघड बोललं जायचं. मग आमच्या प्रभागातल्या सदस्यबाईंनी मध्येच राजीनामा दिला आणि महिला राखीव जागेची पोटनिवडणूक लागली. आळीतल्या बायका काकूंच्या ओट्यावर येऊन बसल्या आणि उठेचनात. काकूंनी फॉर्म भरला. चिन्ह मिळालं कपबशी. समोर टँकरवाल्यांची सून, छत्री.

काकूंना निवडून यायचं होतं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुष्कळ बायका घरच्यांनी उभं केलं म्हणून उभ्या राहतात. काकू तशा नव्हत्या. पाइपलाइनचा नकाशा त्यांनी दारामागं चिकटवला होता, आणि कुठल्या घरासमोर व्हॉल्व्ह बसेल ते त्या डोळे मिटून सांगायच्या. तोवरच्या दोन वर्षांत मी त्यांना एवढं खूश कधी पाहिलं नव्हतं.

मालकांचं काय चाललं होतं ते मात्र कळेना. पोटनिवडणूक लागली म्हणून त्यांना आनंद व्हायला हवा होता. उलट ते घाबरलेले दिसत. एका सकाळी त्यांनी आम्हा सगळ्या भाडेकरूंना बोलावून अकरा महिन्यांचे करार नवे करून दिले. माझ्या जुन्या कराराचे चार महिने शिल्लक होते. मी मनात म्हटलं, ही मतं मिळवायची युक्ती दिसते, आणि सही करून टाकली. काकू संतापल्या होत्या. "समोरचे त्यांच्या भाडेकरूंना सांगत्यात, मत द्या न्हाईतर खोली सोडा. आन् आमचं ध्यान कराराची खैरात करतंय! आता ह्यांना आपली गरज काय ऱ्हायली?"

मी मालकांना म्हणालो, "काळजी करू नका, माझं मत काकूंनाच." त्यांनी दोन्ही हात वर केले.

"मी इचारलं का तुमाला?"

"नाही, पण तुम्हीच म्हणता ना, मोठ्यानं बोला."

"मालकानं भाडेकरूला इचारायचं नसतंय. मोच्याचं काय झालं म्हाईतीय ना? भाडेकरूनं आपनहून बोलायचं. ते बी त्याला वाटंल तवा."

मला त्यांचं म्हणणं अर्धंच कळलं. अर्धं कळलं म्हणून मी मान डोलावली.

मतदान रविवारी होतं. त्या दिवशी ऑफिसातल्या चौघांनी लवासाला जायचं ठरवलं. मी म्हटलं, दुपारी परत येऊ, शाळा तर घराशेजारीच आहे. तळ्याकाठी बसलो, फोटो काढले, कुणीतरी आणखी एक कॉफी सांगितली. संध्याकाळी परतताना पौड रस्त्यावर गाड्यांची रांग लागली होती, आणि मतदान संपायची वेळ झाली तेव्हा मी रांगेतच होतो. ट्रॅफिक होतं, असं मी पुढे स्वतःला कितीतरी वेळा सांगितलं. ते खोटं आहे. तिसऱ्या कॉफीला उठलो असतो तर पोचलो असतो. कंटाळा केला, एवढंच.

शाळेत काय झालं ते मला दुसऱ्या दिवशी मटणवाल्यानं सांगितलं. तो रांगेत मालकांच्या मागेच उभा होता. मालक आत गेले, सही केली, बटण दाबायला पुठ्ठ्याच्या आडोशामागं जायचं तर गेलेच नाहीत. केंद्राध्यक्षांच्या टेबलासमोर ताठ उभे राहिले, आपलं पूर्ण नाव सांगितलं आणि म्हणाले, "माझं मत..." आणि काकूंचं नाव घेतलं. पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव. मटणवाला म्हणाला, "साहेब, रांगंतल्या म्हाताऱ्या बायकांनी पदर तोंडाला लावला. ह्या मानसानं बायकूला आजपतुर 'अगं' सोडून हाक मारलेली कुनी ऐकली न्हाई."

केंद्राध्यक्षांनी समजावलं, आजोबा, असं बोलायचं नसतं, आत जाऊन बटण दाबा. मालक म्हणाले, "मी बोललो. तुमी लिवा." लिहायची सोय नाही, बटण दाबावं लागतं. "मग पुठ्ठ्यामागं जाऊन मी काय चोरी करायची?" बाहेर रांग ओरडायला लागली. पोलीस आला. छत्रीवाल्यांच्या माणसानं हरकत घेतली. केंद्राध्यक्षांनी तीन वेळा विचारलं, दाबता की नाही? मालक म्हणाले, मत तर देऊन झालं. शेवटी केंद्राध्यक्षांनी शेरा लिहिला, मतदाराने नकार दिला, आणि मालकांना हाताला धरून बाहेर काढलं. बाहेर आल्यावर ते हसत होते म्हणे. त्यांना वाटत होतं, सगळं रीतसर झालं.

काकू एका मतानं पडल्या.

हे वाक्य लिहायला मला आजही जड जातं, कारण त्यातलं सोपं गणित गावात फक्त मला माहीत होतं. मालकांचं मत पडलं असतं तर बरोबरी झाली असती आणि चिठ्ठी काढावी लागली असती. माझंही पडलं असतं तर काकू सरळ निवडून आल्या असत्या. गावाला मालकांचंच मत माहीत होतं. चहाच्या टपरीवर त्यांचं नाव पडलं, बायकोपाड्या. समोरून कुणी ओरडलं की ते नेहमीसारखे हात वर करायचे, जसं काही नमस्कारच केला. मग त्यांनी टपरीवर जाणं सोडलं.

काकूंनी घरात आदळआपट केली नाही. जेवण वाढायच्या, कपडे वाळत घालायच्या, फक्त मालकांशी बोलायच्या नाहीत. दारामागचा नकाशा त्यांनी काढला नाही आणि त्याच्याकडे पाहिलंही नाही. टँकर आला की पडलेली उमेदवार हंडा घेऊन रांगेत उभी राहायची आणि टँकरवाल्याचा माणूस मुद्दाम विचारायचा, "काकू, कपबशी आनली का भरायला?"

निकालानंतर आठवडाभरात मालकांनी नवं रजिस्टर बांधलं. कापडी पाठ, कडक पुठ्ठा, आत उभे रकाने. प्रभागातल्या प्रत्येक मतदाराचं नाव, धंदा, मत. ते घरोघर जाऊन, सांगायचं असेल तर सांगा, म्हणत आणि माणूस मोठ्यानं बोलला की सही घेऊन लिहीत. गल्लीत हसू पसरलं. पण त्यांच्यासमोर उभं राहिल्यावर प्रत्येकानं काकूंचंच नाव घेतलं. छत्रीचे झेंडे लावणाऱ्यांनीसुद्धा. कुणाला कीव आली असेल, कुणाला लाज वाटली असेल. मालक संध्याकाळी ओसरीत बसून बेरीज करत. बेरीज व्हायची ती झालेल्या मतदानापेक्षाही जास्त. पुन्हा करत. "सगळेच म्हणत्यात तिला दिलं," ते मला म्हणाले. "मग ती पडली कशी?"

त्यांचा चेहरा अगदी गोंधळलेला होता.

भाडेकरूंच्या दारात ते गेले नाहीत. मालकानं विचारायचं नसतं ना. त्यांनी मला सोडलं होतं. मी गप्प राहिलो असतो तर काहीच बिघडत नव्हतं. पण ते रजिस्टर मिटून उठायला लागले आणि मी म्हणालो, "माझं पण लिहा की. काकूंना." का म्हणालो, देव जाणे. बरं वाटावं म्हणून असेल. कुणाला, ते विचारू नका.

ते थांबले. रजिस्टर उघडून माझ्यापुढे धरलं. डाव्या हातानं पान दाबून मी सही केली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खाली रजिस्टरकडे, आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं, नोकरी, काकूंचं नाव. म्हणाले, "आभारी हाय." घरमालक भाडेकरूला आभारी आहे म्हणतो, हे मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.

त्यानंतर दोन वर्षं मी तिथं राहिलो. दोन वर्षं त्यांना लोक हसत होते आणि मी रोज त्यांच्या ओसरीतून जात-येत होतो. सांगायचं ठरवायचो, आणि मग वाटायचं, आता सांगून काय होणार? करार संपला, मी जवळच्याच चांदे गावात फ्लॅट घेतला. निघताना मालकांनी माझ्या घराच्या सगळ्या कागदांना एक सुंदर बांधीव फाइल करून दिली. ती मी अजून उघडतो तेव्हा खळीचा वास येतो आणि मला ती ताबडतोब बंद करावीशी वाटते.

मालक गेल्याचं मला पंधरा दिवसांनी कळलं. भुकूमला गेलो. गल्लीत पाइपलाइन अजून नव्हती. काकू ओसरीत एकट्याच बसल्या होत्या. मी बसलो, पाणी प्यालो, आणि घोटाबरोबरच बोललो, की काकू, त्या निवडणुकीत मी मतदानाला गेलोच नव्हतो.

काकूंनी माझ्या हातातलं भांडं काढून घेतलं.

"म्हाईत हाय."

"कसं?"

"सई केलीत तवा तुमच्या बोटाला शाई नव्हती. दोन आठवड्यांमागं मत दिलेला मानूस, आन् बोट कोरं. त्यांनी आत येऊन मला सांगितलं. किती दिसांनी आमचं बोलनं झालं, ते ह्ये."

"मग त्यांनी लिहिलं का? मला काही म्हणाले का नाहीत?"

"मी बी त्येच इचारलं. म्हनलं, गावात सांगा की, दोघांच्या मतानं पडली म्हनून. तुमचं वझं तरी अर्दं हुईल. तर म्हनले, त्यो मोठ्यानं बोललाय, मला लिवावं लागंल. खरं-खोटं त्याच्यापाशी. आन् भाडेकरू हाय, बाहेर बोलायचं न्हाई."

"तुम्हाला पटलं हे?"

"न्हाई पटलं. अजून पटत न्हाई. लई राग हाय मला त्यांचा. तुमचा बी हाय." काकूंच्या आवाजात चढ-उतार नव्हता. "दोन वर्सं त्यो मानूस टपरीवर गेला न्हाई. तुमी हितंच होता."

"होतो."

त्या उठल्या, आत जाऊन रजिस्टर घेऊन आल्या. माझं पान त्यांनी एका झटक्यात काढलं, म्हणजे त्यांना ते पाठ होतं. मी खिशातून पेन काढलं. म्हटलं, आता तरी खरं लिहून द्यावं, माझ्या हातानं.

"लिवू नका," काकू म्हणाल्या. "आदी बोला. मंग मी लिवते."

अंगणात टँकर आला होता. बायका हंडे लावत होत्या, तीन नंबरवाला दारात उभा होता, मटणवाल्याची आई रांगेत होती. मी ओसरीच्या कडेला उभा राहिलो. माझं नाव सांगितलं. मग म्हणालो, की मी मत दिलं नाही. रांगेतल्या एकीनंही वळून पाहिलं नाही.

काकू रजिस्टर मांडीवर उघडून, पेन टेकवून बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

"ऐकू आलं न्हाई."